मेलेल्यानं पाणी आणायचं

आधी खेळ सांगते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही तो खेळायचो, दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात. ऊसच नव्हता, त्यामुळे गाळप लवकर आटोपलं होतं. चिमणीतून धूर येत नव्हता आणि बाप माणसं भर दुपारी घरात दिसायची. खेळ काढला होता केमिस्टसाहेबांच्या थोरल्या मुलीनं. तिला सगळी कॉलनी ताई म्हणायची. ती पुण्याला कॉलेजात होती, पण टायफॉइड झाला, परीक्षा बुडाली आणि तिला घरी आणून ठेवलं. उन्हात जायचं नाही, वाचायचं नाही, शिवणटिपण करायचं नाही. मग तिनं बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात फरशीवर खडूनं एक मुलूख काढला. त्यात नदी होती, घाट होता, जळका गड होता आणि राक्षसांचं रान होतं. गडावर एक मणी होता, तो आणायचा. बस्स, एवढंच. पण तो मणी आम्हांला महिनाभर पुरला.

खेळात उतरायचं तर आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागत, जात आणि काम. ताईनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता करून भिंतीला लावला होता. जाती होत्या माणूस, यक्ष, नाग, वानर. प्रत्येकीला एक देणं आणि एक उणं. यक्षाला अंधारात दिसायचं, पण सोनं दिसलं की त्याचे पाय तिथंच अडायचे. वानर कुठंही चढायचा, पण त्याच्या पोटात गुपित राहायचं नाही. नाग पाण्याखालून जायचा, मात्र त्याला विस्तव ओलांडता यायचा नाही. माणसाला देणंही नाही आणि उणंही नाही. कामं होती योद्ध्याचं, मांत्रिकाचं, वैद्याचं, चोराचं, वाटाड्याचं. जोडी कशीही लावा. वानर वैद्य चालायचा, यक्ष चोर चालायचा. कुठल्या जातीनं कुठलं काम करायचं याला ताईच्या मुलखात बंधन नव्हतं.

लढाई चिंचोक्यांवर व्हायची. चिंचोके फोडून, घासून केलेल्या डाळी. एक बाजू पांढरी, एक काळी. खेळणाऱ्यानं आपल्या चार डाळी उघड्यावर टाकायच्या. राक्षसाच्या डाळी ताई टाकायची, पुढ्यात सूप उभं धरून, त्याच्या आडून. राक्षसाला काय पडलं ते तिनं सांगायचं आणि आपण मानायचं. ज्याच्या डाळी जास्त पांढऱ्या तो जिंकला. राक्षस जिंकला की आपण मेलो.

मेल्यावरचा नियम हा असा होता: मेलेल्यानं पाणी आणायचं. स्वयंपाकघरात जायचं, माठातून तांब्या भरायचा आणि सगळ्यांच्या ओंजळीत वरून ओतायचं. मग पुढच्या डावात नवी जात आणि नवं काम घेऊन पुन्हा जन्माला यायचं. दुपारी असं ऊन असायचं की कुणीतरी लवकर मरावं म्हणून बाकीचे टपलेले असत.

खेळणारे फार नव्हते. ओव्हरसियरचा मुलगा माझ्या वयाचा, तोंडाळ, दर वेळी योद्धा होणारा. स्टोअरकीपरच्या दोघी बहिणी, त्या एकमेकींना विचारल्याशिवाय हलत नसत. ताईची धाकटी बहीण, जेमतेम शाळेत घातलेली. तिला नुसतं बसायची परवानगी होती. आणि मी.

आम्ही पारनेरकडचे. आमच्या आळीत मॅट्रिक झालेले माझे वडील पहिलेच. त्यांना कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकुनी मिळाली आणि त्या वर्षी आम्ही कॉलनीच्या अगदी शेवटच्या ओळीत राहायला आलो. एका दुपारी मी बंगल्यांच्या मागच्या वाटेनं चालले होते, तेव्हा ताईनं व्हरांड्यातून हाक मारली.

"ए मुली, खेळतेस का? एक गडी कमी पडतोय."

मी पायरीखाली चपला काढल्या आणि वर गेले. ताईनं खडू हातात घेतला आणि वर न बघता विचारलं, "जात?"

या प्रश्नाची आमच्या घरी तयारी करून घेतलेली होती. कॉलनीत येताना वडिलांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, कुणी विचारलं तर मान खाली घालायची नाही, चाचरायचं नाही, स्वच्छ सांगायचं. मी मान वर केली आणि स्वच्छ सांगितलं.

"बौद्ध."

ताईचा खडू थांबला. स्टोअरकीपरच्या मुलींनी एकमेकींकडं पाहिलं. ओव्हरसियरचा मुलगा उठला आणि भिंतीवरच्या तक्त्यावरून बोट फिरवायला लागला. "मानूस, यक्ष, नाग, वानर... ही कुठं हाय ह्यात? न्हाई बा."

मला वाटलं, उत्तर अपुरं पडलं. म्हणून मी पुढचंही सांगून टाकलं. "वडील टाइम ऑफिसात कारकून आहेत."

आता मात्र हसू फुटलं. "कारकून!" तो पोट धरून म्हणाला. "राक्षसाची हजेरी मांडनार व्हय गं? राक्षस नंबर एक? हजर, सायेब! आज लेट का आलास? मानूस खात हुतो, सायेब!"

सगळे फरशीवर लोळले. खरं तर विनोद चांगला होता. दुसऱ्या कुणावर झाला असता तर मीही हसले असते.

"गप्प बसा रे," ताई म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "अगं, खरी नाही विचारत मी. खेळातली विचारतेय. खेळातली जात."

विचारलं असतं आणि सांगितलं असतं तर मी ताठ राहिले असते. तेवढं मला शिकवलेलं होतं. कुणी विचारलेलंच नसताना सांगून बसलं तर काय करायचं, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं. माझे कान तापले. घरी निघून जावं असं वाटलं, पण चपला घालताना सगळे बघतील म्हणून तिथंच बसले आणि तक्त्याकडं बघत म्हणाले, "नाग. वाटाड्या."

संध्याकाळी घरी तेवढंच सांगितलं. "मी नाग झाले."

"साप व्हायला गेली व्हय तितं?" आई भाकरी थापता थापता म्हणाली.

वडील मात्र खूश झाले. "बरोबर घेतलंस," ते म्हणाले. "आपण नागांचेच वंशज." मग ते बराच वेळ जुन्या नाग लोकांबद्दल बोलत राहिले आणि मी मान हलवत राहिले. मला बाकीच्यातलं काही सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊ की नको असं झालं होतं. पण खेळ फार चांगला होता. मी गेले.

वाटाड्याला ताईच्या नियमाप्रमाणे एक गाठोडं मिळायचं. त्यात काय भरलं ते डाव सुरू होण्याआधी सांगायचं. मागाहून वाढवाबाढवी चालायची नाही. इतर जण असल्या कामाच्या वाटेला जायचे नाहीत, त्यांना तलवारी आणि मंत्र हवे असत. मला ते गाठोडंच आवडलं. मी सकाळपासून ठरवत बसायची. दोर, चकमक, मीठ, राख, दोन भाकरी, जुनं लुगडं.

"लुगडं कशाला?" स्टोअरकीपरची थोरली.

"झोळी होते, दोर होतो, जखमेला बांधता येतं."

"आन् मीठ?" ओव्हरसियरच्या मुलानं विचारलं.

"नदीत जळवा असतील तर."

ताईनं जळवांचा विचार केलेला नव्हता हे तिच्या तोंडावरूनच कळलं. त्या दिवशी तिनं नदीत जळवा सोडल्या आणि योद्धा, मांत्रिक, चोर सगळे माझ्या मिठापाशी आले. "हिच्याकडून शिका," ताई म्हणाली. ते कौतुक खरं होतं असं मी आजही धरून चालते, कारण बाकीचं काही धरून चालण्यासारखं उरलं नाही.

मी मरत नव्हते. ओव्हरसियरचा मुलगा रोज मरायचा, कधी कधी एका दुपारीत दोनदा. दोघी बहिणी मरायच्या आणि एक मेली की दुसरीही रडवेली होऊन तिच्याबरोबर पाणी आणायला जायची. मी राक्षसासमोर उभी राहिले, एकच पांढरी डाळ पडली, तरी सुपाआडून आवाज यायचा, "राक्षसाला एकही नाही. वाचलीस." मला ते नशीब वाटायचं नाही. वाटायचं, ही माझ्या गाठोड्याची करामत. मी नीट तयारी करते, वाट बघून पाय टाकते, उगाच तलवार उपसत नाही, म्हणून जगते. त्या पोरांना तसं मी बोलूनही दाखवलं.

"तुमी आधी विचार करीत न्हाई," मी म्हणाले. घरातली भाषा तोंडून निघून गेली, पण त्या वेळी त्याचंही काही वाटलं नाही, इतकी मी फुगले होते.

घरी गेल्यावर आई विचारायची, "आज बी न्हाई मेलीस?"

"नाही."

"हुशार हाय माजी बाई."

वडिलांनी टाइम ऑफिसात सांगितलं. ते मी स्वतः ऐकलं. त्यांचा डबा घेऊन गेले होते, तेव्हा ते शेजारच्या टेबलावरच्यांना सांगत होते, "आमची पोरगी केमिस्टसाहेबांच्या बंगल्यावर खेळायला असते. तिथं सगळ्यांना भारी पडते." माझे वडील कधी कुणाला मोठेपणा सांगायचे नाहीत. ते माझ्याकडं बघून हसले आणि मी डबा ठेवून ऐटीत परत फिरले. त्या ऐटीची आठवण आली की अजून मला खुर्चीवरून उठून काहीतरी काम काढावं लागतं.

मग ती वाऱ्याची दुपार आली. वावटळ सुटली होती, व्हरांड्याचं अंगणाकडचं दार धाडधाड आपटत होतं. माझी लढाई चालली होती. मी डाळी टाकल्या, दोन पांढऱ्या पडल्या. ताईनं सुपाआड हात नेला. तेवढ्यात दार पुन्हा आपटलं. मी उठून ते ओढून घेतलं, कडी लावली आणि वळले. मी ताईच्या मागं उभी होते. सुपाच्या आतल्या बाजूला, फरशीवर, राक्षसाच्या डाळी पडल्या होत्या. सगळ्या पांढऱ्या.

"राक्षसाला एक," ताई समोर बघत म्हणाली. "वाचलीस गं."

मी जागेवर येऊन बसले. तो डाव मी कसा खेळले ते आठवत नाही. गाठोड्यातला दोर वापरायचाही विसरले.

घरी जाताना सगळे दिवस उलटे मोजले. ते सगळे राक्षस. एकही डाळ पांढरी न पडणारे ते दुबळे राक्षस. म्हणजे मी कधी जिंकलेच नव्हते, मला जिंकवलं जात होतं. का, तेही मला कळलं असं वाटलं. पहिल्या दिवशी मी न विचारता सांगून बसले, सगळे हसले, म्हणून ताईला माझी दया आली. कुणी आपल्याला दयेनं खेळवतंय यापेक्षा वाईट काही असू शकेल असं मला तेव्हा वाटलं नाही. मी एकच ठरवलं. मला बाकीच्यांसारखं मरायचं.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच राक्षसापाशी मी म्हणाले, "ताई, सूप काढ."

"का गं?"

"माझ्या वेळी राक्षसाच्या डाळी उघड्यावर टाक."

"असं नसतं. राक्षसाच्या मनातलं आपल्याला दिसतं का?" ताई हसत म्हणाली, पण तिनं सूप घट्ट धरलं होतं.

"माझ्यापुरतं तरी काढ."

"काढ की ताई!" ओव्हरसियरचा मुलगा पुढं सरकला. "हिचा राक्षस लई नेभळट असतो. आमचा बघा, चारी डाळी पांढऱ्या! काढाच सूप."

"नको रे," ताई म्हणाली. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात, "नको ना. चाललंय ते चांगलं चाललंय."

तिचा तो स्वर आज मला स्पष्ट ऐकू येतो. ती विनवत होती. तेव्हा मला वाटलं, चोरी पकडली म्हणून ती ओशाळलीय. मी हात पुढं केला आणि सूप बाजूला सारलं.

मी डाळी टाकल्या. एक पांढरी. ताईनं राक्षसाच्या डाळी हातात घेतल्या, बराच वेळ हलवत राहिली आणि शेवटी टाकल्या. तीन.

"मेली!" ओव्हरसियरचा मुलगा उड्या मारायला लागला. "नागीन मेली! चला वाटाडेबाई, पानी आना! गार आना, वरचं नगं, तळातलं!"

मला हसू आलं. खरं सांगते, किती तरी दिवसांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं. मी मेले होते, उघड्यावर, सगळ्यांदेखत. मी परकर झटकला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं निघाले. उंबऱ्याशी पोचले, आतल्या अंधारात फडक्यानं गुंडाळलेला माठ दिसला, त्यावरचं पितळी झाकण दिसलं. मी हातसुद्धा पुढं केला होता.

"ती नाही!" मागून ताईची धाकटी बहीण ओरडली. "ताई, ती नाही ना! आत्या म्हणाली होती, हिला मारू नकोस, ही मेली तर माठ फेकावा लागेल!"

आत्या म्हणजे केमिस्टसाहेबांची विधवा बहीण. ती त्या स्वयंपाकघराची मालकीण होती. मी तिला पाहिलेलं नव्हतं, भांड्यांचा आवाज तेवढा ऐकलेला होता. त्या क्षणी तोही आवाज थांबला.

मी हात मागं घेतला. काय करायचं ते कळेना. पुढं जाता येत नव्हतं आणि वळलं तर सगळ्यांची तोंडं दिसणार होती. मी उंबऱ्याच्या अलीकडं तशीच उभी राहिले आणि झाकणाकडं बघत राहिले.

"आज पाणी नकोच," ताई म्हणाली. "तहान कुणाला लागलीय?"



"मला न्हाई," ओव्हरसियरचा मुलगा म्हणाला. आत्ताच तळातलं गार पाणी मागणारा तो. त्याचा आवाज एकदम मोठ्या माणसासारखा झाला होता.

"मला पण नाही," स्टोअरकीपरची थोरली. मग तिची बहीण, "मला पण."

"मला लागलीय," ताईची बहीण म्हणाली आणि ताईनं तिला इतक्या जोरात जवळ ओढलं की ती रडायलाच लागली.

मी परत येऊन जागेवर बसले. मेलेल्यानं बसून राहायचं असतं, म्हणून बसले. खेळ पुढं चालू राहिला. बाहेर वावटळ उठत होती, व्हरांड्याची फरशी तापली होती, सगळ्यांची तोंडं सुकली होती आणि कुणी पाणी मागत नव्हतं. त्या सगळ्यांनी माझ्यासाठी तहान मारली. लाज कुणाला वाटायला हवी होती हे मला आता समजतं, आणि ते आत्याबाईला कुणीतरी सांगायला हवं होतं. पण त्या दुपारी तिथं ती मलाच वाटली. मीच सूप ओढलं होतं. ताई एवढे दिवस डाळी लपवून माझी अब्रू सांभाळत होती आणि मी ती तिच्या हातातून हिसकून सगळ्यांसमोर टाकली, असं वाटलं. त्याहून जास्त लाज त्या हाताची वाटली, झाकणाकडं इतक्या हौसेनं गेलेल्या.

ताईचा राग आला का, असं नंतर कधी एका मैत्रिणीनं मला विचारलं होतं. आला नाही, आणि आला नाही याचंही मला पुढं ओशाळं वाटत राहिलं. तिच्याकडं चिंचोके होते, तिनं चिंचोक्यांनी होईल तेवढं केलं. आत जाऊन आत्याबाईशी बोलणं तिला झेपलं नाही. मलाही घरी जाऊन वडिलांशी बोलणं झेपलं नाहीच.

डाव मोडताना ताईनं तक्त्याच्या तळाशी लिहिलेला पाण्याचा नियम पेन्सिलीनं खोडला.

"उद्यापासून ज्यानं त्यानं आपापलं पाणी घरून आणायचं," ती म्हणाली. "दुष्काळ आहे. एकाच घरचा माठ कितीदा उपसायचा?"

"आन् मंग मेल्यावर काय करायचं?" ओव्हरसियरच्या मुलानं विचारलं.

"मेल्यावर गप्प बसायचं."

कॉलनीत त्या नियमाचं कौतुकच झालं. केमिस्टसाहेबांची मुलगी किती समंजस, पोरांना पाणी जपायला लावते, असं टाइम ऑफिसातही कुणी तरी म्हणालं आणि वडील ते घरी येऊन सांगू लागले. मी पाटीवर गणित करत असल्यासारखं केलं.

सकाळी मी आईकडं तांब्या मागितला.

"तांब्या कशाला?"

"पाणी न्यायला. सगळेच नेणार आहेत. दुष्काळ आहे ना."

"त्येंच्यात माठ न्हाई व्हय?"

"आहे. पण ताई म्हणाली, ज्यानं त्यानं आपलं आणायचं."

आईनं माझ्याकडं पाहिलं. फळीवरचा तांब्या काढला, मोरीपाशी बसली आणि घासायला लागली. आधी राखेनं, मग चिंचेनं, मग पुन्हा राखेनं. नळाला दिवसातून एकदाच पाणी यायचं, आई भांडी विसळलेलं पाणीसुद्धा दारातल्या झाडाला घालायची. त्या दिवशी तिनं तांब्यावर चांगलं पाणी ओतलं, आतून हात फिरवला, उजेडात धरून पाहिला आणि परत राख घेतली.

"निघाला की आता," मी म्हणाले.

"असू दे. लोकांत न्यायचा हाय."

दुपारी सगळ्यांनी आपापली भांडी व्हरांड्याच्या कडेला ओळीनं मांडली. पोचे आलेले लोटे, फिरकीचा एक तांब्या, दुधाची बरणी. मी माझा तांब्या शेवटी ठेवला. ओव्हरसियरचा मुलगा वाकून बघायला लागला. त्यात त्याचं तोंड दिसत होतं.

"नवा घेतला व्हय?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणाले.